दृढीकरण झालं की पोरं गायब! नववी-दहावीच्या मुलांची श्रद्धा टिकवायची कशी?

वसईची_टीचर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज स्वतःच विचारायला बसले कारण डोकं भणभणलंय. मी वसई पश्चिमेला एका कॅथलिक शाळेत शिकवते, अनुदानित शाळा, वर्गात आमची ख्रिस्ती मुलं निम्मीसुद्धा नाहीत, आणि आठवी ते दहावीच्या ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास माझ्याकडे. त्या वेळेत बाकीची मुलं शेजारच्या वर्गात मूल्यशिक्षणाला. रविवारी चर्चमधला वर्गपण मीच घेते, म्हणजे तीच पोरं, तीच टीचर, फक्त अंगावर युनिफॉर्म नाही.

तर पाचवी-सहावीपर्यंत सगळं छान असतं, वेदीसेवक (उपासनेत फादरना वेदीपाशी मदत करणारी मुलं) व्हायला भांडतात, नाताळगोठ्यासाठी रात्ररात्र जागतात, गवत कुठून आणायचं, लायटिंग कोण करणार, सगळं स्वतः ठरवतात. आठवीपासून मागच्या बाकावर सरकायला लागतात. नववीचं वर्ष येतात कारण दृढीकरण (कन्फर्मेशन, बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा बिशपांच्या हातचा विधी) असतं आणि हजेरी कार्डावर सह्या लागतात. मग बिशप येतात, नवीन ब्लेझर, फोटो, घरी बिर्याणी, आणि पुढच्या रविवारी वर्गात मी आणि फळा. लोक दृढीकरणाला निरोपाचा साक्रामेंत (संस्कार) म्हणतात असं खुद्द पोप फ्रान्सिस बोलले होते, म्हणजे हे एकट्या वसईचं दुखणं नाही एवढंच काय ते समाधान.

मागच्या महिन्यात मी चपलांचा रिकामा खोका ठेवला, म्हटलं नाव न लिहिता जे विचारायचं ते विचारा. मला वाटलं टवाळक्या निघतील. निघाल्या पण दोनचारच. बाकीच्या चिठ्ठ्या वाचून मी त्या दिवशी जेवले नाही नीट. "आदाम-एवा खरे तर डायनासोर कुठे बसवायचे?" "फादर माझा आवाज ओळखतात, मग कन्फेशनमध्ये काय सांगणार?" "माझी बेस्ट फ्रेंड हिंदू आहे, ती नरकात जाणार का?" "मुलींना फादर का होता येत नाही?" आणि एक अगदी बारीक अक्षरात, "आम्ही सगळ्यांनी रोज रोझरी केली तरी नानी कॅन्सरने का गेली."

आता यावर आमच्याकडे उपाय काय निघालाय तर रविवारच्या मिस्साला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) क्यूआर कोडने हजेरी घ्यायची आणि ज्याची हजेरी कमी त्याला शाळेच्या फुटबॉल टीममध्ये घ्यायचं नाही. पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे. मला हे पटत नाहीये पण मीटिंगमध्ये नुसतं "पटत नाही" म्हणून चालत नाही, दुसरं काय करायचं ते सांगावं लागतं. तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चखालच्या वस्तीत), शाळेत काय चालतं, काय अजिबात चालत नाही, कृपया मोकळेपणाने लिहा.

केळीवाला_नंदाखाल

क्यूआर कोड हाहाहा. एक पोरगा सहा मोबाईल घेऊन गेटवर उभा राहणार आणि बाकीचे पाच मैदानात. टीचर तुम्हाला पोरं अजून कळली नाहीत असं नाही म्हणणार, पण ज्याने हा उपाय काढला त्याला नक्की कळली नाहीत.

रेवदंड्याचे_मास्तर

टीचरबाई, मी शिक्षक म्हणूनच निवृत्त झालो, त्यामुळे जरा जुन्या वळणाचं लिहितो, राग मानू नका. क्यूआर वगैरे थेर नकोत हे बरोबर, पण हजेरी कार्डाला सगळे हसतात ते मला पटत नाही. सवय लावल्याशिवाय काही टिकत नाही, दात घासायला कुणी पोराची इच्छा विचारतं का? आमच्या लहानपणी सात वाजता घंटा झाली की घरातली सगळी माणसं गुडघ्यावर, बापूस मासे विकून दमून आलेला असायचा तरी. रोझरी (मण्यांची जपमाळ) म्हणताना आम्ही पेंगायचो, चिमटे काढायचो, आईच्या डोळ्याला डोळा भिडला की परत सुरू. तेव्हा काही कळत नव्हतं. पण आज हॉस्पिटलात कुणाच्या उशाशी बसलो की आपोआप तेच शब्द तोंडात येतात, ते शोधावे लागत नाहीत.

इथे शेजारी कोर्लईला बघा. 1740 च्या सुमाराला पोर्तुगीज गेले, त्यांचं राज्य गेलं, तरी गावाने देऊळ (चर्च) सोडलं नाही, प्रार्थना सोडल्या नाहीत, पोर्तुगीज मिसळीची ती बोलीसुद्धा आजवर घराघरात टिकवली. ती काय कुणी तासाला हजेरी घेऊन टिकवली? घरात टिकली. म्हणून माझं म्हणणं, पोरांना धरण्याआधी आईबापांना धरा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) 1965 साली शिक्षणावर जो जाहीरनामा काढला त्यात आईवडील हेच पहिले आणि मुख्य शिक्षक असं साफ लिहिलंय. आणि आमचे पालक काय करतात, पोराला चर्चच्या गेटवर सोडतात, स्वतः बाइकवर बसून व्हॉट्सअॅप बघतात, आणि मिस्सा संपली की हॉर्न वाजवतात.

आणखी एक. चौदा वर्षं पूर्ण झाली की राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेला मांस वर्ज्य करण्याचा नियम त्या मुलाला मोठ्या माणसासारखा लागू होतो, पूर्ण उपवासाचा अठराला. हे किती जणांच्या घरी सांगितलं जातं? "आजपासून तू मोठ्यांच्या रांगेत" असं चौदाव्या वाढदिवसाला बापाने म्हणून बघावं, पोरं फुशारतात. आम्ही मात्र दहावीचं वर्ष म्हणून त्यालाच पहिलं ऑम्लेट देतो.

गिटारवाला_पापडी

मास्तरकाका तुमचं सवयीचं मान्य, पण मी तुमच्या त्या कार्डाचाच माल आहे म्हणून लिहितो. माझं कार्ड फुल होतं, एक सही कमी नाही, आणि दृढीकरणानंतर दोन-अडीच वर्षं मी फक्त नाताळ आणि गुड फ्रायडेला चर्चची पायरी चढलो. कारण कार्ड भरलं म्हणजे काम संपलं असं माझ्या डोक्यात बसलं होतं, आणि तसं बसवलं कुणी, कार्डानेच ना.

परत कसा आलो ते सांगतो, ते काही फार पवित्र वगैरे नाहीये. आमच्या धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉलवाली मंडळी आहेत, महिन्याला गरजू घरांना रेशन देतात, त्यांना गोणी उचलायला कुणीतरी पाहिजे होतं आणि माझ्या काकाने मला ढकललं. तांदळाची गोण, तेल, डाळ, औषधं. एक म्हातारे अंकल होते, एकटेच, मुलगा आखातात, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, त्यांना रेशनपेक्षा बोलायला माणूस हवा असायचा. पहिल्यांदा मी दारातच उभा राहिलो, मोबाईल बघत. दुसऱ्या वेळी त्यांच्या हाताला गिटार लागलं (मी प्रॅक्टिसवरून आलेलो) आणि म्हणाले वाजव. मग दर वेळी एक जुनं कोंकणी गाणं, एक भक्तिगीत, चहा, आणि निघताना ते माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटायचे. एकदा विचारलं अंकल काय म्हणता, तर म्हणे तुझ्या नावाने एक नमो मरिया (मरियामातेची प्रार्थना). माझ्यासाठी कुणी रोज प्रार्थना करतंय हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं राव.

नंतर कळलं की ही व्हिन्सेंट डी पॉलची सोसायटी सुरू करणारा फ्रेडरिक ओझानाम तेव्हा 20 वर्षांचा कॉलेजचा पोरगा होता, 1833 साल, पॅरिस. कॉलेजच्या वादविवादात कुणीतरी त्याला टोमणा मारला की तुमचं चर्च पूर्वी काय करत होतं ते राहू दे, आज गरिबांसाठी काय करतं ते दाखव. आणि हा पठ्ठ्या मित्र जमवून घरोघरी जायला लागला. हे मला धर्मशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर मी कान टवकारले असते.

आजही मी दर रविवारी जातो असं खोटं नाही लिहिणार. पण ज्या रविवारी माझी क्वायरची (गाणाऱ्या गटाची) पाळी असते तेव्हा पाऊस असो की मॅच, जातो, कारण मी नाही गेलो तर गाणं अडतं. टीचर, पोरांना असं काम द्या जे त्यांच्यावाचून खरंच अडेल. फुलं आणायला सांगणं म्हणजे काम नाही, ते कुणीही करतं. साउंड सिस्टीम द्या, लाइव्ह स्ट्रीम द्या, वाचन द्या आणि वाचनाआधी पंधरा मिनिटं बसून त्या उताऱ्यात काय चाललंय ते सांगा, नाहीतर पोपटासारखं वाचतात. पोप फ्रान्सिसनी 2019 मध्ये तरुणांसाठी जे पत्र काढलं त्यात तरुणांमधल्या कामाचे कर्ते तरुणच असं म्हटलंय. आमच्याकडे तरुण म्हणजे खुर्च्या मांडणारे.

सायन्सचे_सर_रत्नागिरी

मी ख्रिस्ती नाही, पण कॅथलिक शाळेतच शिकलो आणि आता कॅथलिक शाळेतच शिकवतो, म्हणून दोन शब्द. मॅडम, ती फुटबॉलची आयडिया मीटिंगमध्ये कायद्यानेच उडवा, भावनेत जाऊ नका. संविधानाचं कलम 28(3) असं आहे की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला त्याच्या संमतीशिवाय बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. हे ख्रिस्ती मुलालाही लागू आहे, फक्त इतरांना नाही. शाळेच्या टीमची निवड रविवारच्या मिस्साला बांधलीत आणि एखाद्या पालकाने तक्रार केली तर शाळेला उत्तर देणं जड जाईल. चर्चने चर्चमध्ये काय नियम करायचा तो त्यांचा प्रश्न. धर्मशिक्षणाच्या तासासाठी पालकांचं संमतीपत्र फाइलला आहे ना तेही एकदा बघून घ्या. बिशपांच्या अखिल भारतीय परिषदेनेच 2024 मध्ये कॅथलिक शाळांना सूचना दिल्या होत्या, इतर धर्माच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका, रोज सकाळी संविधानाची उद्देशिका म्हणा वगैरे. सक्तीचा वास येणाऱ्या गोष्टींपासून तुमची वरची मंडळीच लांब राहायला सांगतायत.

आता डायनासोर. हा माझा विषय आहे म्हणून राहवत नाही. ज्या पोराने ती चिठ्ठी लिहिली त्याला माझ्याकडे पाठवा, गंमत करत नाही. बिग बँगची कल्पना पहिल्यांदा मांडणाऱ्यांत जे नाव येतं ते जॉर्ज लेमेत्र, बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू, विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी 1927 मध्ये मांडलं. वाटाण्यांवर प्रयोग करणारा मेंडेल तुमच्याच मठातला साधू, तो आमच्या आनुवंशिकतेच्या धड्यात आहे पण पोरांना वाटतं कुणी लॅबवाला असेल. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातले सहा दिवस म्हणजे विज्ञानाचं जर्नल नाही हे तुमच्या चर्चला केव्हाच मान्य आहे, मग वर्गात सांगायला का घाबरता? पोरगं मोबाईलवर पाच मिनिटांत शोधतं, आणि टीचरने टाळलं म्हणजे काहीतरी लपवलं असं धरून चालतं.

सावंतवाडीची_आई

टीचर, तुमी लिवलास तां वाचून माझ्या झिलाची आठवण झाली, तो आता दहावीत हा. (मराठीत लिहिते, नायतर वसईवाल्यांना कळायचं नाही.) आमचा धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा भाग) सिंधुदुर्ग, 2005 ला झाला, तुमच्या वसईसारखी मोठी मोठी धर्मग्रामं नाहीत, चार घरं इथे चार घरं तिथे, पण पोरांची कथा तीच. मागच्या वर्षी त्याने सरळ सांगितलं आई मी येणार नाही, मला देव आहे की नाही तेच माहीत नाही. ह्यांनी आवाज चढवला, सासूबाई रडायला लागल्या, घरात नुसता गोंधळ. मी एकच सांगितलं, तू विश्वास ठेव नको ठेव, पण आजीला काठी धरून देवळापर्यंत नेऊन आणायचं काम तुझं, आत ये नको येऊ. महिनाभर बाहेर पिंपळाखाली बसायचा. मग पावसाळा लागला.

आमच्याकडे मे महिन्यात वाड्यावाड्यावर खुरसाकडे (क्रुसाकडे) लदीन (सगळ्यांनी मिळून गाऊन केलेली प्रार्थना) असते, तुमच्याकडे काय म्हणतात माहीत नाही. खुरीस चुन्याने रंगवायचा, झावळ्या, अबोलीचे हार, मेणबत्त्या, आणि प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटायचे केळीच्या पानाच्या तुकड्यावर. सगळी मुंबईची मंडळी सुट्टीला आलेली असतात. आणि शेजारची हिंदू घरंपण येतात हो, त्यांची पोरं चण्याला सगळ्यात पुढे. ह्या वर्षी खुरीस रंगवायला ह्यालाच बोलावलं कारण उंच आहे. दिवसभर रंगवला, मित्र घेऊन आला, त्यातला एक सावंतांचा एक शेखांचा. संध्याकाळी लदीनीला मागे उभा होता हात बांधून, पण उभा होता. मी काही बोलले नाही. बोलायचं नसतं अशा वेळी, हे ह्यांना अजून कळत नाही.

मुलींचा प्रश्न तुम्ही सोडू नका हां. माझी धाकटी वेदीसेवक आहे, 1994 पासून मुलींना ती परवानगी आहे, पण अजून कितीतरी ठिकाणी फक्त मुलगेच दिसतात. फादर का होता येत नाही हे तुम्हाला रोमला विचारता येणार नाही, पण निदान जे आज देता येतं ते तरी द्या.

सुट्टीवरचा_ब्रदर

सेमिनरीत (फादर होण्याचं शिक्षण देतात तिथे) आहे, सुट्टीला घरी आलोय, आईने हा थ्रेड दाखवला. फुटबॉलवर सरांनी सगळं लिहिलंय, मी फक्त चिठ्ठ्यांवर लिहितो.

आवाज ओळखणाऱ्या फादरची चिठ्ठी सगळ्यात सोपी आहे. कुठल्याही फादरकडे कन्फेशनला जाण्याचा हक्क आहे, स्वतःच्याच धर्मग्रामात जायला पाहिजे असा नियम नाही. जाळीच्या पलीकडून करता येतं. आणि ऐकलेलं बाहेर काढणाऱ्या धर्मगुरूला चर्चमधली सगळ्यात कडक शिक्षा आहे, आपोआप बहिष्कार. हे मुलांना नियम म्हणून सांगा, त्यांना नियमाने धीर येतो. मे महिन्यात किंवा उपवासकाळात बाहेरचे दोन-तीन फादर बोलावून मुलांसाठी वेगळी संध्याकाळ ठेवा, रांग लागते की नाही बघा.

हिंदू मैत्रिणीची चिठ्ठी. ज्या दिवशी मास्तरांनी सांगितलेला तो शिक्षणाचा जाहीरनामा निघाला, 28 ऑक्टोबर 1965, त्याच दिवशी इतर धर्मांबद्दलचाही निघाला, आणि इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असं त्यात आहे. ज्याच्यापर्यंत शुभवर्तमान (येशूचा संदेश) त्याच्या स्वतःच्या चुकीशिवाय पोचलं नाही, पण जो मनापासून देवाला शोधतो आणि सदसद्विवेकाप्रमाणे चालतो, त्यालाही तारण मिळू शकतं ही चर्चची शिकवण आहे. त्या मुलीला हे स्वच्छ सांगा, कारण ती नरकाबद्दल विचारत नाहीये, मैत्रीण सोडावी लागेल का ते विचारतेय.

नानीच्या चिठ्ठीला मात्र उत्तर देऊ नका. खरंच सांगतो. "देवाची इच्छा" हे दोन शब्द तर त्या वर्गात उच्चारूच नका, त्या दोन शब्दांनी किती पोरं गेली असतील. क्रुसावर येशू स्वतः "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" म्हणतो, बायबलमधलं बावीसावं स्तोत्र आहे ते, आणि त्यालाही वरून लगेच उत्तर आलं नाही. ते स्तोत्र वर्गात मोठ्याने वाचा, पूर्ण वाचा, आणि मग ज्यांच्या घरचं कुणी गेलंय त्यांची नावं मुलांनाच फळ्यावर लिहू द्या. नोव्हेंबरमध्ये त्या नावांसाठी मिस्सा ठेवा आणि वाचन त्याच मुलांना करू दे. मृतांसाठी प्रार्थना आपण करतोच, फक्त पोरांना त्यात कधी धरत नाही.

आणि तास पुस्तकापासून सुरू करू नका. कार्डिन नावाच्या बेल्जियमच्या धर्मगुरूंनी कामगार तरुणांसाठी एक पद्धत रूढ केली होती, आधी बघा, मग पारखा, मग कृती करा. वायसीएसवाले (यंग ख्रिश्चन स्टुडंट्स, विद्यार्थ्यांची चळवळ) आजही तीच वापरतात. म्हणजे या आठवड्यात शाळेत काय झालं तिथून सुरू, कुणाची रॅगिंग झाली, कुणाचा फोटो ग्रुपवर फिरला. मग शुभवर्तमानात त्यावर काय सापडतं. आणि उठताना एक छोटी गोष्ट करायची ठरवूनच उठायचं. नुसती चर्चा झाली तर तो स्टडी सर्कल होतो. शिबिर-बिबिर काढलंत तर कायम दोन मोठी माणसं सोबत, एकटं कुणी कुणाबरोबर नाही, आणि पालकांची लेखी परवानगी, हे पाळायलाच हवं.

वसईची_टीचर

बाप रे, इतकं सगळं! सर, कलम 28(3) ची प्रिंट काढली, मीटिंगला घेऊन जाते. डायनासोरवाला कोण ते मला अक्षरावरून कळलंय पण मी दाखवणार नाही, लेमेत्रचं नाव फळ्यावर लिहून बघते काय होतं.

ब्रदर, बघा-पारखावरून मला आपला गोन्सालो गार्सिया आठवला. आम्ही दर वर्षी तोच धडा घेतो, वसईचा संत, भारतात जन्मलेला पहिला संत, 1862 ला संतपद, पाठ करा, पुढे चला. पण हा फादर नव्हता, आधी जपानात धंदा करायचा, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर चढवलेल्या 26 जणांत तीन पोरं होती, 12, 13 आणि 14 वर्षांची. त्यातल्या एकाने वाटेत आईला पत्र लिहिलं होतं. हे मी काल वर्गात नुसतं बोलता बोलता सांगितलं तर मागचा बाक गप्प. मग एकाने विचारलं, "टीचर ते घाबरले नसतील?" त्यावरच तास गेला, पुस्तक उघडलंच नाही.

एक अडचण राहिलीच. रविवारी सकाळी सगळ्या क्लासवाल्यांनी टेस्ट सिरीज ठेवल्यात, आणि पालक म्हणतात दहावीनंतर बघू.

गिटारवाला_पापडी

मग शनिवारी संध्याकाळी घ्या ना. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, हे पालकांना सांगा, अर्धी बहाणेबाजी तिथेच संपेल. साडेपाचला वर्ग, साडेसहाला मिस्सा, क्वायर मी सांभाळतो, दोन पोरं मला द्या, एक कॅहॉनला (हाताने बडवायचा लाकडी खोका) एक कीबोर्डला. वाजवता आलं नाही तरी चालेल.

रेवदंड्याचे_मास्तर

वाजवता आलं नाही तरी चालेल हे मला चालणार नाही. बाकी शनिवारचं ठीक आहे. पण आईबापांनाही साडेसहाला आत बसवा, बाहेर बाइकवर नाही. आणि टीचरबाई, शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडे मैदानावर अंडरआर्म क्रिकेटच्या मॅचेस असतात, त्या आयोजकांशी आधी बोलून घ्या, नाहीतर मीटिंगमध्ये सगळं ठरेल आणि पहिल्याच शनिवारी पोरं पिचवर.